‘तुमचे फोटो काळपट दिसतात’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी आभार. त्यात राग आहे, पण मुद्देही आहेत, त्यामुळे ‘धन्यवाद, वाचत राहा’ म्हणून वाटेला लावणं बरं दिसलं नसतं. ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देतो.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की दुसऱ्यांच्या मॉनिटरवर बरा दिसावा म्हणून फोटो मुद्दाम उजळ करत बसू नका, आधी स्वतःची स्क्रीन ताळ्यावर आणा. तुमच्या मते हा सल्ला पुस्तकी आहे. त्याच लेखातला उंबरठ्यावरच्या काळ्या मांजराचा फोटो तुम्हाला ‘दोन डोळे चिकटवलेला डांबराचा गोळा’ दिसला, मागची पांढरी भिंतही सपाट पुठ्ठ्यासारखी वाटली. फाइल उतरवून ब्राइटनेस २० ने वाढवल्यावर मांजर मांजरासारखं दिसायला लागलं. तुम्ही स्वतः ऑफिसचा मॉनिटर, लॅपटॉप आणि मोबाइल अशा तिन्हींवर फोटो बघून मधला उजेड ठरवता, आणि सगळ्यांनी तेच करावं असं तुमचं म्हणणं आहे. कॅलिब्रेशनचं (स्क्रीन मोजून जुळवायचं) यंत्र प्रत्येकाला परवडत नाही, हा आणखी एक टोला. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की घरी जुना टीव्हीच कॉम्प्युटरला जोडून वापरता.

ते शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलं असेल, पण माझ्या दृष्टीने सगळ्या प्रतिक्रियेत सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

फोटोच्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ असा आकडा असतो. ० म्हणजे ठार काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. टीव्हीच्या दुनियेत मात्र १९८२ च्या डिजिटल प्रसारणाच्या मानकापासून वेगळा रिवाज चालत आलाय: तिथे १६ म्हणजे काळा आणि २३५ म्हणजे पांढरा. कॉम्प्युटर ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्ही १६ ते २३५ च्या हिशेबाने वाचतोय, असं झालं की १६ च्या खालचं सगळं काळ्यात बुडतं, २३५ च्या वरचं सगळं पांढऱ्यात विरघळतं आणि मधलं ताणलं जातं. काळं आणि पांढरं, दोन्ही टोकांचा तपशील एकाच वेळी गायब होणं ही या घोटाळ्याची खास खूण. तुम्ही मांजर आणि भिंत दोन्हींची तक्रार केलीत, म्हणून मला ही शंका आली. नुसता फोटो काळपट असता तर भिंतीचं पोत उलट जास्त ठळक दिसलं असतं. टीव्हीचा कॉन्ट्रास्ट फार चढवलेला असेल तरी असंच होतं, पण आधी ही आकड्यांची रेंज तपासा.

आता मांजराकडे जरा जवळून बघू. माझ्या फाइलमध्ये त्याच्या अंगावरचे केस साधारण १२ ते ४० या आकड्यांत आहेत. तुमच्या टीव्हीवर १२ चा झाला शून्य आणि ४० चा झाला २८. हे आकडे वाचायला फार लांबचे वाटत नाहीत, पण स्क्रीनवरून निघणारा उजेड आकड्याच्या प्रमाणात वाढत नाही. ४० च्या जागी २८ आला की उजेड निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून गोळा. तुम्ही सगळ्यात २० मिळवले, केस ३२ ते ६० वर गेले, टीव्हीने त्यांचे १९ ते ५१ केले आणि मांजर दिसलं. इथवर तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

पण भिंतीचं काय झालं ते बघा. ती फाइलमध्ये २२५ ते २४८ च्या दरम्यान आहे. २० मिळवल्यावर ती २४५ पासून थेट २५५ च्या छताला टेकली, म्हणजे चुन्याचे पोपडे आणि ब्रशचे फराटे फाइलमधूनच पुसले गेले. तुमच्या टीव्हीवर भिंत आधीच बरीचशी सपाट होती, त्यामुळे हे नुकसान तुम्हाला दिसलंच नाही. उरलेली जी काही छटा होती तीही गेली. शिवाय फोटोतला सगळ्यात काळा बिंदू आता २० वर आलाय, त्यामुळे ठीकठाक स्क्रीनवर या फोटोत काळा रंगच उरत नाही, सगळ्यावर राखाडी धुकं पसरल्यासारखं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

उपाय टीव्हीच्या मेन्यूत आहे. कंपनीप्रमाणे नाव बदलतं: कुठे ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’, कुठे ‘आरजीबी रेंज’. तिथे ‘फुल’ किंवा त्याच अर्थाचा, म्हणजे ० ते २५५ चा पर्याय निवडा. इनपुटला ‘पीसी’ असं नाव देता येत असेल तर तेही द्या, बऱ्याच टीव्हींमध्ये त्याने बाकीच्या उठाठेवीही बंद होतात. टीव्हीत सोय नसेल तर कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ लिमिटेडवर टाका. दोघांनी एकच रिवाज पाळावा, एवढंच. त्याच मेन्यूत डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड वगैरे जे जे आपल्या मनाने उजेड कमीजास्त करतं ते बंद करा. लॅपटॉपवर काही ठिकाणी चित्र गडद असलं की बॅकलाइट आपोआप मंदावतो, तेही बंद. ते चालू असताना फोटो सुधारणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं.

ब्राइटनेसच्या स्लायडरबद्दलही एक सांगायला हवं. जुन्या फोटोशॉपमध्ये हा स्लायडर सगळ्या पिक्सेलमध्ये सरसकट एकच आकडा मिळवायचा. २००७ च्या सीएस३ पासून त्यांनी तो सुधारला, पण साध्या फोटो-प्रोग्रॅम्समध्ये अजून तीच जुनी रीत सर्रास दिसते. फोटो खरोखरच उजळायचा असेल तर ‘लेव्हल्स’ या सोयीतला मधला स्लायडर वापरा. तो १.० वरून १.२ वर नेला तर ४० चा ५४ होतो आणि २२५ चा फक्त २३०. शून्य शून्यच राहतं, २५५ हा २५५ च. सावलीतलं वर येतं आणि भिंत जागच्या जागी.

आता तुमचा मुख्य मुद्दा, सरासरीचा. तीन स्क्रीन बघून मधला उजेड ठरवायचा हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि एके काळी त्याला खरंच अर्थ होता. मॅकच्या स्क्रीनचा गॅमा (फाइलमधल्या आकड्याचा स्क्रीनवर किती उजेड होतो ते ठरवणारा घातांक) १.८ होता आणि विंडोजवाल्यांचा २.२ च्या आसपास. त्यामुळे फाइलमधला ६४ हा आकडा मॅकवर कमाल उजेडाच्या ८ टक्क्यांहून थोडा जास्त दिसायचा आणि विंडोजवर ५ टक्क्यांहूनही कमी. २०० चा आकडा घेतला तर फरक ६५ टक्के आणि ५९ टक्के एवढाच, म्हणजे मार सगळा सावल्यांना. मॅकवर छान दिसणारा फोटो विंडोजवर काळवंडायचा, आणि लोक बिचारे दोन्हींच्या मधलं काहीतरी करून वेळ मारून न्यायचे. २००९ मध्ये ॲपलने स्नो लेपर्डपासून २.२ स्वीकारला आणि ते भांडण मिटलं. तुम्ही म्हणताय तो सल्ला बहुधा त्या काळातला आहे.

आणि खरं तर सरासरी आधीच काढून ठेवलेली आहे. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने त्या वेळचे नेहमीचे काचेच्या नळीचे मॉनिटर कसे वागतात ते धरून एसआरजीबी, म्हणजे फाइलमधला आकडा स्क्रीनवर कसा दिसावा याचं गणित, मांडलं, १९९९ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यानंतरचे मॉनिटर, लॅपटॉप, मोबाइल, सगळे कमीअधिक त्याच्या जवळपास जाण्यासाठी बनवले जातात. कोणी थोडा वर चुकतो, कोणी खाली. तुमच्या तीन स्क्रीन म्हणजे त्या लाखो चुकांमधल्या कोणत्याही तीन. त्यातला एक ऑफिसचा मॉनिटर, एक लॅपटॉप, कदाचित तिरक्या कोनातून काळं-पांढरं उलटवणाऱ्या टीएन प्रकारच्या स्वस्त पॅनलचा, आणि तिसरा उन्हात वेगळा नि घरात वेगळा उजेड देणारा मोबाइल. यांची सरासरी काढून जो आकडा येईल तो चौथ्या माणसाच्या स्क्रीनबद्दल काहीही सांगत नाही. तुम्ही २० ने उजळलेला फोटो ज्याची स्क्रीन आधीच भगभगीत आहे त्याच्याकडे गेला की तो ‘धुतलेला’ दिसणार. एसआरजीबीला धरून मधोमध राहिलात तर दोन्हीकडचे लोक थोडेथोडे चुकतील. एका बाजूला सरकलात तर दुसऱ्या बाजूचे पार बुडतील.

तरीही तुमच्या एका वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे: ‘नेटवर टाकलेले बहुतेकांचे फोटो काळपट असतात.’ असतात. पण त्याचं कारण बघणाऱ्याच्या टेबलावर नसून फोटो करणाऱ्याच्या टेबलावर असतं. दुकानातून आलेला मॉनिटर सहसा २५० ते ३५० निट्सवर (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) भडकलेला असतो. एसआरजीबीच्या व्याख्येत संदर्भ-स्क्रीन फक्त ८० ची आहे, आणि फोटोचं काम करणारे साधारण ८० ते १२० वर ठेवतात. रात्री दिवे मालवून ३०० वर फोटो सुधारायला बसलं की सगळंच झगझगीत वाटतं, माणूस उजेड खाली ओढतो, आणि दुसऱ्या दिवशी लोक विचारतात, फोटो एवढा अंधारात का काढला?

यासाठी यंत्र लागत नाही. रंगासाठी लागतं, ते मी मागेही म्हटलं होतं, पण उजेडासाठी खोलीतल्या दिव्याखाली एक कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवर रिकामं पांढरं पान उघडा. स्क्रीन दिव्यासारखी पेटलेली आणि कागद मळका वाटला तर मॉनिटरचा ब्राइटनेस खाली आणा, दोन्ही साधारण सारखे वाटेपर्यंत. हल्लीच्या एलसीडी मॉनिटरवर ते बटण सहसा फक्त बॅकलाइट कमीजास्त करतं, सावल्या खात नाही, त्यामुळे बिनधास्त फिरवा. (जुन्या नळीच्या मॉनिटरवर तेच बटण काळ्याची पातळी हलवायचं. ‘काळी पट्टी दिसेनाशी होईपर्यंत ब्राइटनेस कमी करा’ हा सल्ला अजून लेखांतून फिरतो तो त्या जमान्यातला. एलसीडी मॉनिटरवर त्याचा काडीचा उपयोग नाही.)

एका बाबतीत मात्र मी बघणाऱ्यांचा विचार जरूर करतो, आणि ती बाब मॉनिटरची नसून खोलीची आहे. चांगला मॉनिटर घ्या, पांढरा १०० निट्स, काळा ०.१, म्हणजे फरक हजारपट. आता दिवसाउजेडी खोलीतला प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन जेमतेम १ निट जरी मिसळला तरी पांढरा १०१ आणि काळा १.१ होतो. हजारपटीचे झाले ९२. पांढऱ्याला काही कळतही नाही, काळ्याची मात्र वाट लागते. फाइलच्या भाषेत सांगायचं तर २५-३० च्या खालचं सगळं त्या परावर्तनात पोहायला लागतं. म्हणून ज्या तपशिलावर फोटो उभा आहे तो मी ३० च्या वर ठेवतो, आणि तेवढाच भाग ‘कर्व्ह’ने (उजेडाचा हवा तेवढाच पट्टा हलवणाऱ्या सोयीने) उचलतो. बाकी सावली सावलीच राहू देतो. त्या फोटोत मला मांजराचे डोळे, मिशा आणि पाठीवरून गेलेली उजेडाची कड हवी होती आणि त्या तिन्ही गोष्टी ३० च्या बऱ्याच वर आहेत. पोटाखालचे केस मोजता येत नाहीत ही तक्रार मात्र मी मनावर घेणार नाही. मांजर काळं आहे.

प्रत्येक फोटोखाली राखाडी छटांची पट्टी द्यावी ही तुमची सूचना चांगली आहे, पण फोटोखाली नको, ती एकदाच वेगळ्या पानावर देईन. तोवर स्वतः करून बघायची असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर ५, १०, १५, २०, २५ असे चौकोन आणि पांढऱ्यावर २५०, २४५, २४० असे काढा. ठीक स्क्रीनवर १० चा चौकोन अंधाऱ्या खोलीत दिसायला हवा, आणि २५० चा अगदी पुसट का होईना, कळायला हवा. तुमच्या टीव्हीवर आत्ता १५ पर्यंतचे सगळे गायब असतील.

या पट्टीने फक्त दोन टोकं कळतात. मधला भाग तपासायला एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा आडव्या रेघांचा चौकोन काढा आणि त्याला लागून १८६ चा सपाट राखाडी. दूर उभं राहून डोळे बारीक केले की रेघा मिसळून निम्मा उजेड होतात, आणि गॅमा २.२ असेल तर दोन चौकोन एकजीव दिसतात. राखाडी जास्त गडद दिसला तर तुमची स्क्रीन सावल्या दाबतेय. दोन पथ्यं पाळा: चित्र १०० टक्क्यांवरच बघा, कारण विंडोजचं १२५ टक्के स्केलिंग किंवा ब्राउझरचा झूम रेघांची माती करतो, आणि फाइल पीएनजीत ठेवा, जेपीजीत नको.

मोबाइलवर झळाळणारा फोटो कॉम्प्युटरवर मलूल दिसतो, असंही तुम्ही लिहिलंय. तो विषय वेगळा आहे. नव्या फोनचे फोटो एचडीआरची, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त उजेडाची, माहिती सोबत घेऊन येतात (अँड्रॉइडमध्ये २०२३ च्या १४ व्या आवृत्तीपासून), आणि फोनची स्क्रीन तेवढ्या जागा जास्त पेटवते. साध्या मॉनिटरला ते जमत नाही, आणि स्लायडर कितीही ओढला तरी जमणार नाही.

राहिला प्रिंटचा प्रश्न. प्रिंट काळी येते म्हणून तुम्ही तिथेही २० वाढवता. टीव्हीची रेंज आणि कागदाची चाचणी या दोन गोष्टी झाल्यावर एक छोटी प्रिंट काहीही न वाढवता काढून बघा, आणि ती स्क्रीनशेजारी धरून नको, खिडकीच्या उजेडात बघा. तरीही काळी वाटली तर मधला स्लायडर १.१ च्या आसपास नेऊन दुसरी काढा. दोन्हींच्या मागे आकडा लिहून ठेवा आणि काय दिसलं ते इथेच कळवा, तेव्हा टीव्हीच्या मेन्यूत नेमकं काय सापडलं तेही लिहा.