लाइट आली, आता हात लावू नका

वळवाच्या पहिल्या सरीला नाशकात मातीचा वास येतो आणि लाइट जाते. ती जाण्याचं मला काही वाटत नाही. घाम फुटतो ती आल्यावर, कारण बंद पडलेले सर्व्हर पुन्हा उठवायचे असतात. निम्मे सर्व्हर सातपूरला, निम्मे पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमागच्या खोलीत, मधे ओझर आणि आग्रा महामार्ग. "आली रे!" अशी आरोळी उठली की एखादा पुण्यात्मा सगळी बटणं एका दमात दाबायला धावतो. त्याला आधी चहाला पाठवावं.

कारण पहिली १५ मिनिटं आलेली लाइट टिकते का, एवढंच बघायचं असतं. यूपीएसची बॅटरी रिकामी असताना सगळं सुरू केलं आणि लाइट पुन्हा गेली, तर सर्व्हरला धड बंद व्हायलाही सवड मिळत नाही. बॅटरी निम्मी तरी भरू द्यावी. तोवर एसी लावावा. त्याचा कॉम्प्रेसरही ३ मिनिटं रुसून बसतो.

साडेतीन इंची हार्डडिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, म्हणजे २४ वॅट. १२ डिस्कची पेटी एकदम जागी झाली तर नुसत्या आळोखेपिळोख्यांना २८८ वॅट. वर प्रत्येक पॉवर सप्लायचा पहिला घोट वेगळाच; पुण्यात्म्याची एमसीबी (जादा भार आला की पडणारं बटण) पडते ती इथे. म्हणून आधी नेटवर्कचा स्विच आणि त्याची राखण करणारा फायरवॉल, मग डिस्कची पेटी (म्हणजे स्टोरेज), ती स्थिरावली की तिचा कंट्रोलर, मग डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारा) आणि लॉगिनचा सर्व्हर, मग बाकीचे, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने. रॅम भरपूर असलेला सर्व्हर पाच-सात मिनिटं काळा पडदा दाखवतो. तो मेलेला नसतो, रॅम तपासत असतो. बटण पुन्हा दाबू नये.

इथवर सोपं. आता गंमत अशी, की स्टोरेजचा पत्ता डीएनएस सांगणार, डीएनएस व्हर्च्युअल मशीनवर (सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेल्या संगणकावर), आणि ते मशीन त्याच स्टोरेजवर. किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतलं की आपण! पिंपळगावला पोचायचा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा खाजगी रस्ता, तोही लॉगिन विचारतो त्याच झोपलेल्या सर्व्हरला. म्हणून डीएनएस आणि लॉगिनचा एकेक सर्व्हर दोन्हीकडे स्वतंत्र हार्डवेअरवर, आणि सगळे आयपी (मशीनचे आकडी पत्ते) छापून रॅकच्या, म्हणजे सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर. कागदाला बूट व्हायला वेळ लागत नाही.

पलीकडचा, म्हणजे पिंपळगावचा सर्व्हर का उठत नाही, यावर मात्र मी तासभर बोलू शकतो. बॅटरी संपत आली की तो शहाण्यासारखा स्वतःहून बंद होतो. तेवढ्यात लाइट येते. यूपीएसने आउटपुट तोडलंच नाही, म्हणजे त्याच्या लेखी वीज कधी गेलीच नव्हती. मग तो उठेल कशाला? शटडाउनची आज्ञा एकदा सुटली की लाइट आली तरी आउटपुट तोडून पुन्हा द्यायला यूपीएसला सांगून ठेवावं. बायोसमध्ये (सर्व्हरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर काय करायचं, याला 'लास्ट स्टेट' नको, 'पॉवर ऑन' हवं. शेवटची अवस्था 'बंद' हीच होती ना! वेक-ऑन-लॅनवर, म्हणजे नेटवर्कवरून पॅकेट धाडून सर्व्हर उठवण्यावर भिस्त ठेवू नये, ते पॅकेट सहसा राउटरचा उंबरा ओलांडत नाही. आयलो किंवा आयड्रॅक (दुरून सर्व्हर चालू-बंद करायला त्यातच बसवलेला छोटा संगणक) हवं, वेगळ्या सिमच्या फोरजी राउटरवर. सर्व्हर बंद असला तरी नुसत्या प्लगच्या विजेवर ते जागं असतं.

दोन ठिकाणी विभागलेल्या क्लस्टरमध्ये (एकच काम मिळून करणाऱ्या सर्व्हरच्या जोडीत) शेवटी झोपला त्याला आधी उठवायचं, कारण ताजा डेटा त्याच्याकडे. मधली नेटवर्कची लाइन नीट होण्याआधी दोघांनाही जबरदस्तीने उठवलं तर दोघेही स्वतःला घरचा कर्ता समजतात, आणि मग दोन हिशेबवह्या जुळवत बसा.

एवढं करून आयलोही गप्प राहिलं तर फोनवर तिथले वॉचमन मामा. बिघाड झाला की सर्व्हरवर नारिंगी दिवा लागतो.

"मामा, नारिंगी लाइट कुठं दिसतोय का?"

"साहेब, सगळेच पेटू राहिले. तुम्हाला कोणता पाहिजे?"

ज्या सर्व्हरचं आयलो जिवंत असेल, त्याचा ओळख पटवणारा निळा दिवा इथून लावता येतो. मग "निळ्याच्या खालचा" म्हटलं की मामा बरोबर त्याच्यावर बोट ठेवतात. हल्ली तर त्यांनी रॅकच्या कडेला खडूने आकडे घातलेत, खालून वर. रॅकचे यू, म्हणजे उंचीचे खण, खालूनच मोजतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.