नळी कुठे गेली?

जुना व्हॅक्यूम क्लीनर विकणाऱ्या प्रत्येकाला त्याची नळी आणि ब्रश म्हणजे निव्वळ अडगळ का वाटते, हे मला आजवर उमगलेले नाही. गेल्या रविवारी भद्रकालीतल्या एका भंगाराच्या दुकानात, इलेक्ट्रोलक्सने १९२१ साली रूढ केलेल्या घडणीचा, खाली घसरपट्ट्या असलेला आडवा क्लीनर दिसला आणि मी हरखलो, पण नळी विचारताच उत्तर मिळाले, "ती कूलरचं पाणी काढायला दिली, काका." आणि ब्रश? त्याने म्हणे दुकानदाराची नात बाहुलीचे केस विंचरते! वर सल्ला असा, की कोणतीही नळी बसेल. कशी बसेल? बत्तीस आणि पस्तीस मिलिमीटर यांत काहीच फरक नाही का? त्या फटीतून हवा शिरते, ओढ संपते आणि यंत्र नुसते बोंबलत राहते. (चिकटपट्टी गुंडाळून पाहिली आहे, कृपया सुचवू नये.) सोफ्याच्या फटीतले चपटे तोंड तर मला अकरा वर्षांत एकदाही मिळालेले नाही. एवढे सोसून घरी यावे, तर सौभाग्यवती विचारतात, "सात क्लीनर घरात, आणि केर काढायला केरसुणीच ना?"