सलाईन आणि शहाळी

आमच्या ठकीचं वय सोळा, वजन सव्वातीन किलो आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात वाढणारा आकडा, ३.८. हे आकडे मी झोपेतून उठवलं तरी सांगीन. स्वतःचं क्रिएटिनिन मी आजवर तपासलेलं नाही.

मांजरांच्या किडन्या महालबाड. दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत अवाक्षर काढत नाहीत. ठकी दिवसभर पाणी पीत होती आणि आम्ही "उन्हाळा आहे ना" म्हणून वाट्या भरत होतो. देवापुढच्या तांब्यात तिने तोंड घातलं तेव्हा आईसुद्धा "तीर्थ घेतेय हो" म्हणाली. मग रिपोर्ट आला. आता एक दिवसाआड कातडीखाली शंभर मिली सलाईन, तेही घरी. "सोपं असतं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या टेबलावर ठकी पुतळ्यासारखी बसली होती, लबाड.

मेडिकलवाल्याकडे आरएलची, म्हणजे सलाईनची, बाटली, नळीचा आयव्ही सेट आणि २१ नंबरच्या सुया मागितल्या.

"कुणासाठी?"

"ठकीसाठी. सोळा वर्षांची आहे. किडनी."

त्याने चष्मा काढला, पुसला आणि न मागता दहा टक्के सूट दिली. मी ती मुकाट्याने घेतली. खोटं काहीच बोललो नव्हतो.

बाटली टांगायला खिळा हवा. सोयीचा खिळा बाबांच्या फोटोचा निघाला. बाबांना हयातीत मांजर नजरेसमोर चालत नसे. ते सध्या शोकेसमध्ये असतात.

बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, गार सलाईन बाईसाहेबांना सोसत नाही. मग बायको टॉवेलात ठकीला गुंडाळून मांडीवर घेते आणि मी मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबू करतो. पहिल्या दिवशी सुई तंबूच्या एका बाजूने शिरली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडली. मी बाटलीकडे बघत होतो. वीस, चाळीस, साठ... काय सुरेख चाललंय!

"अहो," बायको म्हणाली, "मला गरम लागतंय."

हल्ली हात बसलाय. नीट गेलं की ठकीच्या खांद्यावर बैलासारखं वशिंड येतं. तासाभरात ते घरंगळत पुढच्या एका पायात उतरतं आणि ती फुगलेला पाय टाकत घरभर फिरते, चेहऱ्यावर पोलीस केस करण्याचा विचार.

गोळी बांगड्यात लपवून देतो. बांगडा संपतो. गोळी चाटूनपुसून स्वच्छ होऊन ताटलीत उरते. खास किडनीवाल्या खाण्यात फॉस्फरस कमी आणि बहुधा चवही. ते जिन्यातला बोका मिटक्या मारत खातो. त्याच्या किडन्यांना मरण नाही.

परवा चिपळूणच्या लग्नाला जमणार नाही, असं आईने मावशीला फोनवर कळवलं. "घरात सलाईन चालू आहे गं," एवढंच म्हणाली, कारण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. संध्याकाळी मावशी दारात. डोळ्यांत पाणी, हातात चार शहाळी.

"कुठेय पेशंट?"

आईने फ्रिजच्या वर बोट दाखवलं. ठकीने मावशीकडे पाहिलं आणि वशिंडासकट जांभई दिली.

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराने घाम पुसत खुर्चीत बसली.

"कोयता आण रे," म्हणाली. "चार जिने चढून आलेय."