मध्ययुगीन स्कॉटिश आर्मी लिस्ट: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

टेबलटॉप युद्धखेळ, म्हणजे सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती (मिनिएचर) टेबलावर मांडून खेळायचे युद्धखेळ, खेळणाऱ्यांमध्ये एक दावा सर्रास ऐकू येतो. तेराव्या-चौदाव्या शतकातील स्कॉटलंडची आर्मी लिस्ट, म्हणजे खेळात कोणते सैनिक किती घेता येतील याची यादी, करायची, तर अंगावर चिलखत नसलेल्या, प्लेड (चौकटीची लोकरी चादर) गुंडाळलेल्या हायलंडर, म्हणजे डोंगराळ भागातल्या, भालाईतांचे भरपूर स्वस्त बेस (प्रतिकृती बसवलेल्या पट्ट्या) घ्यावेत, धनुर्धर व घोडदळ वगळावे आणि शिल्ट्रनला, म्हणजे भालाईतांच्या दाट व्यूहाला, जागचे हलू देऊ नये. यातील एकाच मुद्द्यात थोडे तथ्य आहे, आणि तेही एका लढाईपुरते.

पहिला मुद्दा चिलखताचा. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या राजवटीत 1318 साली स्कोन येथील संसदेने ठरवले की दहा पौंडांची मालमत्ता असलेल्या माणसाकडे भरणा घालून टाचलेला जाड अंगरखा, बॅसिनेट शिरस्त्राण, पत्र्याचे हातमोजे, भाला आणि तलवार असावी. अंगरखा व बॅसिनेट नसल्यास कड्यांचे चिलखत व लोखंडी टोप चालेल. ज्याची ऐपत एका गाईच्या किमतीएवढीच, त्याने चांगला भाला किंवा धनुष्य आणि 24 बाण बाळगावेत. कायद्यात लिहिले म्हणजे सर्वांकडे होते असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘कोणाकडेच नव्हते’ असा होत नाही. ऐपतीनुसार मिश्र सैन्य होते, असा होतो. म्हणून लिस्टमध्ये पुढच्या रांगांसाठी चिलखतधारी भालाईतांचा महाग पर्याय हवा आणि बिनचिलखती भालाईत हा एकमेव पर्याय असू नये.

पोशाखाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. कमरेला पट्ट्याने आवळलेला प्लेड सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो, आणि निळा रंग फासलेले चेहरे ही 1314 सालच्या बॅनकबर्नच्या लढाईच्या हजारएक वर्षे आधीच्या, रोमन काळातील वर्णनांची देणगी आहे. चित्रपटांवरून रंगवलेल्या मिनिएचर सुंदर दिसतात, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

धनुर्धरांबाबतचा दावा सर्वांत दुबळा आहे. वरील कायद्यातच धनुष्याची सोय आहे. त्याच्याही वीस वर्षे आधी, 22 जुलै 1298 रोजी फॉलकर्क येथे इंग्रजांविरुद्धच्या लढाईत स्कॉटिश सेनानी विल्यम वॉलेसच्या शिल्ट्रनांमधील जागेत सर जॉन स्टुअर्टच्या हाताखाली सेल्कर्कच्या जंगलातील धनुर्धर उभे होते. घोडदळ मैदान सोडून गेल्यावर ते उघडे पडले आणि स्टुअर्टसह कापले गेले. इंग्रजांच्या तुलनेत ते थोडे होते, हे खरे. पण त्यावर उपाय कमाल मर्यादा घालणे हा आहे, शून्य लिहिणे हा नव्हे. पंधराव्या शतकात तर प्रमाणच बदलते: फ्रान्सच्या सेवेत गेलेल्या स्कॉटिश सैन्यात, ज्याचा 1424 साली व्हर्नई येथे मोठा संहार झाला, धनुर्धरांचा भरणा मोठा होता. त्याच वर्षी स्कॉटलंडचा राजा जेम्स पहिला याच्या संसदेने बारा वर्षांवरील पुरुषांना धनुर्विद्येचा सराव करण्यास सांगून फुटबॉलवर बंदी घातली. दोन शतकांची एकच लिस्ट करणाऱ्याला हा बदल दाखवताच येत नाही.

शिल्ट्रनचे अर्धसत्य फॉलकर्कमधून आले आहे. तेथील व्यूह वर्तुळाकार व स्थिर होते आणि इंग्रजी बाणांच्या माऱ्याने ते मोडले. परंतु 1314 साली बॅनकबर्नच्या पहिल्या दिवशी ब्रूसचा सेनानी टॉमस रँडॉल्फ याने आपले भालाईत मोकळ्या मैदानात नेऊन इंग्रज सरदार क्लिफर्डच्या घोडेस्वारांना परतवले, आणि दुसऱ्या दिवशी स्कॉटिश दलांनी पायी पुढे सरकून हल्ला केला. 1333 साली हॅलिडन हिलवर तर ते दलदल ओलांडून चढावर चालून गेले आणि बाणांनी घायाळ होऊन हरले. तेव्हा शिल्ट्रनला मंद गती आणि बाणांपुढे मोठी उणीव द्यावी. गती शून्य करू नये.

घोडदळाचा वाटा मात्र लहानच ठेवावा. बॅनकबर्नला स्कॉटिश बाजूच्या सर रॉबर्ट कीथने इंग्रज धनुर्धरांवर 500 हलके घोडेस्वार घातल्याचे स्कॉटिश कवी जॉन बार्बर सांगतो. त्याचे काव्य साठेक वर्षांनंतरचे असल्याने आकडा सैल धरावा. एक-दोन हलके बेस पुरेत. 1327 च्या मोहिमेत लहानशा तट्टांवर स्वार होऊन इंग्लंडच्या उत्तर भागात शिरलेले सैनिक लढताना पायउतार होत असत, त्यामुळे त्यांना घोडदळात न मोजता तट्टांवरून हालचाल करणारे पायदळ म्हणून वेगळी नोंद द्यावी.