केंदाळाचं फूल

परवा शिरोळ तालुक्यात मामांकडे गेले होते. सकाळी आठच्या सुमाराला बंधाऱ्यावर गाडी थांबवली आणि खाली उतरले. या काठापासून त्या काठापर्यंत पंचगंगा जांभळी होती. पाणी कुठं दिसतच नव्हतं. केंदाळ, आणि त्याच्यावर फुलांचे तुरेच तुरे.

पुस्तकात हिला जलपर्णी म्हणतात. आम्हा कोल्हापूरकरांना केंदाळच ठाऊक, आणि तो शब्द आला की नाक मुरडलं जातंच. रंकाळ्यावरही लहानपणापासून बघत आलेय, पण फूल हातात घेऊन नीट पाहिलं ते परवाच. फिक्या जांभळ्या सहा पाकळ्या, अगदी तलम. त्यातली सगळ्यात वरची निराळी : मधोमध गर्द निळा डाग आणि त्यात पिवळा ठिपका. मोरपिसाचा डोळाच! पानाचा देठ फुगीर, चिरला की आत स्पंजासारखी जाळी आणि हवा. त्या हवेवरच ते तरंगतं. इतकं देखणं फूल मी बागेतही पाहिलेलं नाही, आणि हे मी मनापासून लिहितेय.

मागून मामा आले. "फुलं काय बघाय लागलीस बाळ? मोटारीच्या फुटबॉलात जाऊन बसतंय ते. आठवड्यात दोनदा पाण्यात उतरावं लागतंय."

फुटबॉल म्हणजे मोटारीच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड, फूटव्हॉल्व्ह. त्यांचं खरंच आहे. केंदाळाखाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे तडफडतात, डास वाढतात. खायला भरपूर मिळालं तर दोनेक आठवड्यांत ते दुप्पट होतं. मूळचं अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातलं. आपल्या देशात आणलं ते याच फुलाच्या मोहानं, शोभेसाठी. आणि बंगालमध्ये १९३६ साली त्याच्या बंदोबस्तासाठी कायदा करावा लागला.

तरीही त्याला 'घाण' म्हटलेलं मला सहन होत नाही. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात. तिथून खाली येता येता नदीत काय मिसळतं? गावागावांचं सांडपाणी, कारखान्यांची मळी, उसाच्या रानातून वाहून आलेला युरिया. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी जागच्या जागी थांबतं. त्या साचलेल्या पाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन केंदाळ फुलतं. घाण आपली आहे, फूल त्याचं आहे.

केंदाळ काढायलाच हवं, यात मला शंका नाही. पण दर उन्हाळ्यात पोकलेन लावून काठावर ढीग घालायचे आणि वर नाले तसेच सोडायचे, याला मी नदी साफ करणं म्हणणार नाही. बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. खायला मिळालं की ते पुन्हा येणार.

मामांना न विचारताच एक तुरा घरी नेला. मामी आधी म्हणाल्या, "हे गं कशाला आणलंस?" मग जवळ घेऊन त्यांनीही त्या पिवळ्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. पितळी तांब्या घासून आणला आणि त्यात पाणी ओतलं, बोअरचं. नदीचं पाणी घरात घ्यायचं त्यांनी कधीच बंद केलंय.