‘गेन फुल, मिड शून्य’: फिरत्या मेसेजला उत्तर

डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारी, पायाने चालू-बंद करायची डबी) कसं घ्यावं यावरचा एक मेसेज सध्या गिटारवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो तीन दिशांनी आला. शेवटी पुण्यातल्या धायरीच्या एका विद्यार्थ्याने पाठवला आणि खाली विचारलं, "सर, हे बरोबर आहे ना?"

मेसेजचं सार असं: पेडल महागातलंच घ्या, स्वस्तातलं म्हणजे खेळणं. मेटल वाजवायचं तर गेन (सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) फुल आणि मिड (मधल्या स्वरांचा नॉब) शून्य. आत जुनी जपानी चिप असेल तरच खरा टोन. ट्रू बायपास (बंद पेडलमधून सिग्नल सर्किटला न शिवता सरळ पुढे जाणं) नसेल तर हात लावू नका. अ‍ॅम्पची गरज नाही, थेट साउंड सिस्टीमला जोडा. अडॅप्टर कुठलाही चालतो, 9 व्होल्टचा असला की झालं.

यातलं काहीच खरं नाही असं नाही. पण जे खरं आहे ते चुकीच्या जागी चिकटवलंय.

आधी गेन आणि मिड घेतो, कारण सर्वांत जास्त पोरं तिथेच फसतात. मीही फसलोय. कॉलेजात फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तालीम होती. कोथरूडच्या खोलीत, रात्री, घरचे उठू नयेत अशा बेताने मी एक टोन सेट केला होता: मिड पूर्ण काढलेला, बास आणि ट्रेबल वर. खोलीत तो राक्षसासारखा वाटायचा. तालमीत ड्रम्स, बास आणि दोन ढोल सुरू झाले आणि माझी गिटार गायब. आवाज वाढवला तर नुसती सळसळ वाढली. दिग्दर्शकाने विंगेत डोकावून विचारलं, "तू सुरू केलंस का?" माझी दोन कडवी वाजवून झाली होती.

कारण साधं आहे. आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात, मधले नीट येतात. त्यामुळे मिड काढला की खोलीत सगळं भरीव वाटतं. आवाज मोठा झाला की कानाचं हे झुकतं माप बरंच सरळ होतं, आणि बँडमध्ये खालची जागा बास गिटार आणि किक ड्रमने घेतलेली असते, वरची सिंबल्सनी. गिटारसाठी उरतो तो मधलाच पट्टा, आणि तोच आपण हाताने शून्यावर नेलेला असतो. ट्यूब स्क्रीमर नावाचं हिरवं पेडल 1979 पासून टिकून आहे, ते बरंचसं याच कारणाने: ते 720 हर्ट्झच्या खालचा भाग मागे ठेवतं आणि मध्य पुढे काढतं. घरी एकटं ऐकलं तर नाकात बोलल्यासारखं वाटतं, बँडमध्ये बरोबर बसतं.

यावर कुणी स्वीडिश डेथ मेटलचं उदाहरण देईल, आणि द्यावंच. बॉस कंपनीचं एचएम-2 हे पेडल 1983 मध्ये आलं. स्टॉकहोमच्या पोरांनी त्याचे सगळेच नॉब पूर्ण फिरवले आणि करवतीसारखा तो प्रसिद्ध आवाज मिळवला. गेन फुल, मान्य. पण त्या पेडलवरचा ‘हाय’ लिहिलेला नॉब साधारण 1 किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग उचलतो, म्हणजे मिडच. नाव काहीही लिहा, करवत मध्यातूनच चालते.

आता नुसता गेन. नेहमीच्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये सिलिकॉनचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) असतात. सिग्नल साधारण 0.6 व्होल्टच्या वर गेला की ते त्याच्या लहरीचा माथा छाटतात, आणि सपाट झालेल्या माथ्यातून मूळ सिग्नलमध्ये नसलेले वरचे स्वरांश उठतात. तंबोऱ्याच्या जवारीत दोरा सरकवल्यावर वरचे स्वरांश असेच उमलतात. वाट वेगळी, कानाला मिळणारं सुख त्याच घराण्यातलं. जवारी लावणारा दोरा केसभर पुढे, केसभर मागे करत जागा शोधतो. "सगळा सरकवा" असं त्याला सांगून बघा.

माथा एकदा सपाट झाला की पुढचा गेन स्वराला फारसं काही देत नाही. हलका स्ट्रोक आणि जोरातला स्ट्रोक सारखेच वाजायला लागतात. वर येते ती सिंगल कॉइल पिकअपमधली (तारांचा आवाज टिपणाऱ्या साध्या कॉइलमधली) घरच्या विजेची 50 हर्ट्झची घुं आणि शेजारच्या दिव्याच्या डिमरची कुरकुर.

शिवाय डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा तिसरा स्वर जन्माला येतो. सा 220 आणि प 330 वाजवा, फरक 110, म्हणजे नेमका खालचा सा. पॉवर कॉर्ड (नुसते सा आणि प) एवढी भक्कम का वाटते, ते इथे कळतं. पण गिटारच्या पडद्यावरचा गंधार शुद्ध नसतो, जरा चढा असतो: 275 ऐवजी 277 च्या पुढे. साशी फरक येतो 57 आणि हवा असतो 55. गेन फुल ठेवून पूर्ण मेजर कॉर्ड मारली की जो चिखल होतो, त्यात या दोन हर्ट्झचा मोठा वाटा आहे. गेन निम्म्यावर आणा, चिखल बराच निवळतो.

महागाचं म्हणाल तर बॉस डीएस-1 1978 पासून बनतंय, महागड्यांच्या रांगेत ते कधीच नव्हतं, आणि निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनच्या पायाखाली तेच होतं. फार स्वस्त पेडलमध्ये स्विच, जॅक आणि डबा हलका निघतो हे मात्र खरं. दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या, आणि शक्य असेल तर एखादा बास वाजवणारा मित्रही. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

चिपची गोष्ट गमतीची आहे. ज्या जुन्या जपानी 4558 चिपची पूजा चालते, ती एक साधी, स्वस्त, घाऊक बनणारी चिप. तिच्या भोवतीचे डायोड आणि कपॅसिटर आवाज घडवतात. ट्यूब स्क्रीमरचे 720 हर्ट्झ ठरतात ते एका रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीवर. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हिंडून हे भाग आणा, बदलून ऐका, दुपार छान जाते. एक अपवाद मी मानतो: रॅट पेडलमधली एलएम308. ती मुळातच संथ चिप आहे, जोरात गेन दिला की तिला सिग्नलचा वेग झेपत नाही आणि कडा गोल होतात. तिथे चिप खरंच बोलते.

ट्रू बायपासवर जास्त बोलण्यात अर्थ नाही. बॉसच्या पेडलमध्ये बफर (सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट) असतो, आणि लांब केबल असेल तर तो ट्रेबल वाचवतो. जुन्या धाटणीचा फझ (डिस्टॉर्शनचाच जास्त फाटका भाऊ) असेल तर तो मात्र बफरच्या आधी लावा, नाहीतर चिरका होतो.

थेट साउंड सिस्टीम? गिटार अ‍ॅम्पमधला 12 इंची स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने ढेपाळतो, आणि डिस्टॉर्शनचा चरचरीतपणा नेमका त्याच्या वरच साठलेला असतो. मंडपवाल्याच्या मोठ्या स्पीकरमध्ये ट्वीटर असतो, तो ते सगळं इमानेइतबारे ऐकवतो. सोसायटीच्या गणपतीत पोरगा सोलो घेतो आणि आजोबांना वाटतं मिक्सर जळतोय, ते यामुळे. अ‍ॅम्प नसेल तर पेडलनंतर कॅबिनेट सिम्युलेटर (गिटार स्पीकरची नक्कल करणारं यंत्र) लावा. तेवढं केलं तर हा मुद्दा मला मान्य आहे.

राहिला अडॅप्टर. बहुतेक पेडलना पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह लागतं. राऊटरच्या अडॅप्टरचं बहुधा नेमकं उलट असतं. धायरीच्या त्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारायच्या आधीच मेसेज अमलात आणला होता. पेडल घेऊन आला, उघडलं, तर आतला संरक्षणाचा डायोड जळून गेलेला. बाकी सगळं त्या डायोडने वाचवलं होतं. डायोड दोन-चार रुपयांचा, पेडल संध्याकाळी सुरू झालं. राऊटरचा अडॅप्टर मात्र गेला, आणि घरी वाय-फाय का बंद आहे हे त्याने आईला अजून सांगितलेलं नाही.