साहेबांच्या सहा इंचांत

वॉरहॅमर ४०,००० च्या स्पर्धेत उतरायचं ठरवलंत, अभिनंदन. पहिलं काम म्हणजे नियमपुस्तक मिटून ठेवा. नियम वाचले की शंका येतात, आणि शंकेखोर माणसाच्या हातून फौज उभी राहत नाही. आधी नेता निवडा. नेता ठरला की बाकीचं आपोआप ठरतं. मुख्यतः काय परवडणार नाही, ते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८७ साली आणलेला हा खेळ. दोघांनी समोरासमोर प्रत्येकी २,००० पॉइंटांची प्लास्टिकची फौज मांडायची (पॉइंट म्हणजे प्रत्येक बाहुल्याची ठरलेली किंमत), ६० बाय ४४ इंचांच्या टेबलावर पाच फेऱ्या खेळायच्या, टेपने मोजून चालायचं आणि फाशांनी मारायचं. टेबलावर चार-पाच ठिकाणी चकत्या असतात, त्यांना ऑब्जेक्टिव्ह म्हणतात. ज्याची माणसं त्यांच्यापाशी भारी पडतील, त्याला गुण. जिंकणं-हरणं मुख्यतः या गुणांवर ठरतं, कोणी किती मुडदे पाडले यावर नाही. हे शेवटचं वाक्य तुमच्या कामाचं नाही, पुढे चला.

नेता डब्यावरच्या चित्रावरून निवडावा. माझी शिफारस रोबूट गिलिमन. अल्ट्रामरीन्स नावाच्या फौजेचा प्रायमार्क, म्हणजे मूळ सेनापती, आणि खेळाच्या कथेतल्या प्रत्यक्ष सम्राटाचा मुलगा. निळं चिलखत, हातात पेटती तलवार, शेजारी उभा असलेला धिप्पाड सैनिकही त्याच्यापुढे शाळकरी पोर वाटावा असा बांधा. पूर्वचरित्रही भारदस्त आहे. सख्ख्या भावाने विषारी पात्याने गळ्यावर वार केला, तेव्हापासून साहेब दहा हजार वर्षं काळ गोठवलेल्या अवस्थेत नुसते बसून होते. भाविक रांगा लावून दर्शन घ्यायचे. २०१७ साली कंपनीने त्यांना उठवलं आणि उठल्या उठल्या त्यांनी सगळ्या साम्राज्याचा कारभार हातात घेतला. दहा हजार वर्षं गैरहजर, आणि आल्या आल्या थेट मुख्य खुर्ची. आपल्याकडच्या वाचकाला यात काही अविश्वसनीय वाटू नये.

तसं पाहिलं तर मराठी माणसाला या कामाचं शिक्षण लहानपणीच मिळालेलं असतं. दिवाळीच्या किल्ल्यावर सिंहासनाची मूर्ती बुरुजापेक्षा उंच झाली तरी आपण कधी तक्रार केली नाही. भाला मोडलेला मावळा मात्र मागच्या बाजूला, अळिवाच्या आड लावला जायचा. प्रत्यक्षात महाराजांनी राज्य चालवायला आठ प्रधान नेमले होते, गडागडावर तोलामोलाची माणसं ठेवली होती, हा सगळा इतिहासाचा भाग झाला. आपण किल्ल्याचं बोलतोय.

आता साहेबांभोवती फौज कशी रचायची? गिलिमनभक्तांचा सुवर्णकाळ २०१७ चाच. नियमांची आठवी आवृत्ती नुकतीच आली होती. साहेबांच्या सहा इंचांत जी अल्ट्रामरीन तुकडी उभी असेल, तिला चुकलेले फासे परत टाकायची मुभा होती. नेम हुकला? परत टाका. नेम लागला पण जखम झाली नाही? तेही परत टाका. हिशेब करून बघा. रेझरबॅक नावाची चिलखती गाडी, तिच्यावर जोड असॉल्ट कॅनन, एका दमात १२ फासे. तीन किंवा वर पडलं की नेम लागतो, म्हणजे सरासरी ८. समोरचा तोडीस तोड चिवट असेल तर चार किंवा वर पडलं की जखम, म्हणजे ४. आता हीच गाडी साहेबांजवळ आणा. नेम दहाच्या वर जातात आणि जखमा होतात ८. बरोबर दुप्पट. गाडी तीच, तोफ तीच, दारूगोळाही तेवढाच. फरक फक्त साहेब शेजारी उभे असण्याचा.

मग काय, स्पर्धांमध्ये साहेबांभोवती गाड्यांची ही गर्दी. खेळाडू या रचनेला प्रेमाने पार्किंग लॉट म्हणायचे. नियमाप्रमाणे गाडीचं एखादं टोक जरी सहा इंचांत आलं तरी पुरत होतं, त्यामुळे प्रत्येक जण टोकापुरता निष्ठावान. बंपर साहेबांकडे, तोंड दुसरीकडे. तुम्ही टेप घेऊन वाका, एक डोळा मिटा, गाडी नखभर सरकवा, पुन्हा मोजा. समोरचा खेळाडूही वाकून मोजेल. दोघांचं पाव इंचावरून वाजेल. याला डावपेच म्हणतात.

या रचनेत एक बारीक अडचण आहे, पण ती मनावर घेऊ नका. साहेब स्वतः उत्तम लढवय्ये. त्यांचे पॉइंट मोजलेत ते त्या पेटत्या तलवारीसकट. पण ते पुढे धावून गेले की मागच्या गाड्यांचे फासे पुन्हा सर्वसामान्यांचे होतात. म्हणून टेबलावरचा सगळ्यात महागडा योद्धा पाचही फेऱ्या गाड्यांच्या मधोमध उभा. सम्राटाचा मुलगा, पेटती तलवार, आणि काम काय, तर पार्किंगवाल्याचं. गाड्यांनाही हलता येत नाही, कारण हललं की सहा इंच सुटतात. चकत्या टेबलाच्या चार कोपऱ्यांत आणि आख्खी सत्ता मधल्या एका वर्तुळात. समोरचा धूर्त असेल तर तो तुमच्याकडे येतच नाही. पडक्या भिंतींच्या आड लपून कोपऱ्यांत गुण वेचत बसतो. त्याला भित्रा म्हणा. शक्यतो त्याला ऐकू जाईल असं म्हणा.

खरेदीचा मुहूर्त महत्त्वाचा. नेता तेव्हाच घ्यावा जेव्हा सगळे त्याच्याबद्दल बोलत असतात. पॉइंटांची यादी हल्ली कंपनी फुकट पीडीएफमध्ये देते आणि वर्षातून अनेकदा बदलते. जो नेता फार जिंकतो तो महागतो किंवा त्याची ताकद छाटली जाते. खेळाडूंच्या भाषेत नर्फ होतो. गिलिमनचंही हेच झालं. आधी ते महागले, मग पुढच्या पुस्तकांत सहा इंचांतली कृपा आटत गेली. त्यामुळे क्रम असा ठेवा: स्पर्धांचे निकाल बघा, पहिल्या आलेल्याच्या फौजेची लिस्ट जशीच्या तशी उतरवून घ्या, डबे मागवा, कस्टम भरा, घरी किंमत विचारल्यावर पौंडांत सांगा म्हणजे आकडा लहान वाटतो. डबे हातात पडेपर्यंत नवी पीडीएफ आलेली असते. निष्ठेची खरी कसोटी तिथे सुरू होते.

आता थोडं कार्यकर्त्यांबद्दल. थोडंच, कारण त्यांना जास्त जागा देणं बरं नव्हे. २०२३ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक बाहुल्याला ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल नावाचा एक आकडा मिळाला. चकतीपाशी ज्याच्या आकड्यांची बेरीज जास्त, चकती त्याची. गिलिमनचा आकडा ४. कॅडियन शॉक ट्रूपर म्हणजे अ‍ॅस्ट्रा मिलिटारम नावाच्या फौजेचा साधा शिपाई, तो मरायलाच भरती झालेला असतो. त्याचा आकडा २. दहा जणांची तुकडी, बेरीज २०. म्हणजे दहा शिपायांची नुसती बरोबरी करायला पाच गिलिमन लागतील, आणि गिलिमन नियमाने एकच घेता येतो. साहेब त्या दहांना कापून काढतील, यात वाद नाही. एका फेरीत एक तुकडी निघेल. पण तुकडी साहेबांच्या किमतीच्या मानाने चिल्लर असते, आणि समोरच्याने तशा सहा आणलेल्या असतात.

या माहितीचा उपयोग करून तुम्ही स्वतः शिपाई वाढवायला निघालात, तर तुमची गाडी घसरली असं समजा. लिस्टमध्ये नेता बसवल्यावर उरलेल्या पॉइंटांत काय बसेल ते बसवावं. सतरंज्या उचलायला माणसं लागतातच, पण ती मोजायची नसतात.

गिलिमन झेपला नाही तर तालुका पातळीचा नेता घ्या. कॅप्टन, लेफ्टनंट, कोणीही चालेल. दहाव्या आवृत्तीत असा नेता एखाद्या तुकडीत सामील होतो आणि त्या तुकडीला नियमांच्या भाषेत अंगरक्षक म्हणतात. गोळीबार झाला की आधी अंगरक्षक मरतात, सगळे संपल्यावर नेत्याची पाळी. नियमच आहे, माझी टीका नाही. फक्त प्रिसिजनवाल्या हत्यारांनी नेमका नेता टिपता येतो, म्हणून समोरच्याकडे स्नायपर दिसला की साहेबांना भिंतीआड उभं करा आणि अंगरक्षकांना उघड्यावर. ते त्यासाठीच आहेत. माझं वैयक्तिक मत विचाराल तर संपूर्ण पुस्तकात हा एकच नियम असा आहे, जो लिहिणाऱ्याने बाहेरचं जग बघून लिहिला असावा.

गिलिमन घेतलात तर सरदारकी कोणाला द्यायची हा प्रश्न उरत नाही. ते फौजेत असले की वॉरलॉर्ड तेच, तशी अट छापलेलीच आहे. पक्षांतर्गत लोकशाहीचा वेळ वाचतो. समोरच्याचीही सोय होते. त्याच्या दुय्यम मोहिमांच्या पत्त्यांत असॅसिनेशन नावाचा एक पत्ता असतो, तुमचे नेते मारले की त्याला गुण. म्हणजे ज्याच्यावर तुम्ही आख्खी फौज टांगलीत, तोच समोरच्याची मुदत ठेव. तुम्ही त्याला व्याजासकट सांभाळताय.

आणि साहेब पडलेच तर? पहिल्यांदा पडल्यावर फासा बरा पडला तर ते उठूनही उभे राहतात. कार्यकर्त्यांना ही सवलत नाही. पण कधीतरी फासा फिरतोच. वॉरमशीन नावाच्या दुसऱ्या एका खेळात वॉरकास्टर, म्हणजे तिथला नेता, पडला की डाव तिथल्या तिथे संपत असे, निदान एक प्रकारची शालीनता होती त्यात. पानिपतावर १७६१ मध्ये अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला, असं आपण वाचत आलो. या खेळात तेवढंही होत नाही. साहेबांना उचलून टेबलाच्या कडेला ठेवलं की डाव चालूच राहतो. वर्तुळ मोडल्यामुळे उरलेली मंडळी मोकळी होतात, कोणी या चकतीकडे जातं, कोणी त्या चकतीकडे, आणि तीन फेऱ्यांत जेवढे गुण मिळाले नव्हते तेवढे शेवटच्या दोन फेऱ्यांत मिळतात. हे दृश्य अतिशय क्लेशदायक असतं. अशा वेळी चेहरा पाडून बसावं, म्हणजे कोणाला निष्कर्ष काढायचा धीर होत नाही.

राहता राहिला रंग. इथे मात्र मी पूर्ण गांभीर्याने सांगतो, साहेबांच्या बाबतीत कंजुषी करू नका. प्राइमर पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत त्याची भुकटी होऊन चिलखतावर साखर पेरल्यासारखी बसते. मॅक्रॅग ब्लूचे दोन पातळ हात द्या, सांध्यांमध्ये नल्न ऑइल नावाचा पातळ काळा रंग सोडा, मग प्रत्येक कडेवर केसाएवढी फिकट रेघ ओढा. शेवटी डोळे. भिंग लावा, कोपर टेबलावर टेका, श्वास धरा, तीन शून्यांच्या ब्रशने पांढरा ठिपका, त्यावर काळा. काळा जरा मोठा झाला की साहेब दचकल्यासारखे दिसतात. पुसा, परत करा. पुन्हा एक डोळा नाकाकडे वळेल. पुसा, परत करा. बाकीच्या फौजेला तोवर हात लावायचा नाही, ती करड्या प्लास्टिकमध्येच छान दिसते. क्लबात चालतं, आणि मोठ्या स्पर्धेला अजून वेळ आहे.

एवढं सगळं नीट पार पाडलंत की क्लबातला पहिला सामना खेळा. पाच फेऱ्या होतील, तीन तास जातील, पाठ धरेल. साहेब तिसऱ्या फेरीत कडेला बसलेले असतील. बेरीज केल्यावर समोरच्याचे ७१ निघतील, तुमचे ६४. मग तो वहीतून मान वर काढून विचारेल, "रंगाचे दहा धरलेस का?" खेळात १०० पैकी १० गुण नुसते फौज रंगवून आणल्याचे असतात, त्याने ते स्वतःच्या ७१ मध्ये धरलेलेच असतात. तुम्ही अभिमानाने साहेबांकडे बोट दाखवा. तो वाकून डोळे बघेल, खरंच छान झालेत म्हणेल. मग त्याची नजर मागच्या करड्या घोळक्याकडे जाईल, आणि तो अगदी सौम्यपणे सांगेल की गुण आख्ख्या फौजेचे असतात रे.

तुम्ही लगेच फासे मुठीत घ्या, दिव्याखाली धरून निरखा, आणि म्हणा, यातला एक नक्की फुटका आहे.